गोळीच्या नावातलं ‘प्रिल’

वलांडीवर बोंबील चढवायची एक पद्धत आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. धाकट्या डहाणूतल्या बायकांचा हात या कामाला इतका बसलेला असतो की नजर समुद्राकडे, तोंड गप्पांत आणि बोटं बोंबलांत. दोन हिवाळ्यांपूर्वी माझी आत्या मात्र दर दहा-बारा जोड्यांमागे थांबत होती. तोंड फिरवून खोकायची, डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसायची, कारण बोटं बोंबलाची, आणि पुन्हा कामाला लागायची.

खोकला तीन महिन्यांचा होता. कफ नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. नुसता कोरडा ठसका. घशात केस अडकल्यासारखं खाजायचं आणि रात्री आडवं पडलं की जोर चढायचा. शेजारणींनी कारणं शोधून ठेवली होती: सुक्या मासळीची धूळ, चुलीचा धूर, पहाटेचं दव. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या झाल्या. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्हीत काही नाही. शेवटी तिच्या सुनेची नर्स असलेली बहीण पाहुणी म्हणून आली. चहा होईपर्यंत तिनं फळीवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, “ही प्रेशरची गोळी कधीपासून?” आत्यानं बोटांवर हिशेब केला. खोकल्याच्या तीनच आठवडे आधीपासून.

गोळी होती रामिप्रिल. डॉक्टरांनी ती बदलून दुसऱ्या जातीची दिली आणि तिसऱ्या आठवड्यात खोकला गेला. आधीच्या डॉक्टरांची गोळी चुकीची होती असं अजिबात नाही; फार चांगलं औषध आहे ते. देताना एक वाक्य सांगायचं राहिलं, इतकंच. ते वाक्य आणि त्याच्या मागचं-पुढचं थोडं या लेखात सांगतो.

आपल्या रक्तात पेप्टाइड नावाच्या छोट्या माळा फिरत असतात. अमिनो आम्लांचे मणी ओवून प्रथिनं होतात. मोजके मणी असले की ते पेप्टाइड. या माळा म्हणजे शरीराचे निरोपे. एकीनं सांगितलं की रक्तवाहिनी आवळते, दुसरीनं सांगितलं की सैल होते. पण निरोप पोचल्यावर निरोप्या तिथेच घुटमळत राहिला तर घोळ होतो. म्हणून रक्तात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर या माळा तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, ठेवलेली आहेत. ती विळीसारखी काम करतात आणि काही तर मासळीसारखंच शेपटीकडून.

यातली एक माळ लक्षात ठेवण्यासारखी आहे: ब्रॅडीकायनिन. नऊ मण्यांची. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यांच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपू देते, वेदना जागवते आणि श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंना डिवचते. इतकी तिखट माळ रक्तात अर्धा मिनिटही टिकत नाही, कारण तिच्यावर दोन विळ्या टपलेल्या असतात. पहिली यकृतात तयार होऊन रक्तरसात सोडली जाते. तिचं नाव कार्बोक्सीपेप्टिडेज-एन. ती शेपटीचा एकच मणी छाटते. रक्तरसातलं हे विकर १९६२मध्ये अर्विन अर्डोश या मूळच्या हंगेरियन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं अमेरिकेत शोधलं. दुसरी विळी शेवटचे दोन मणी एकदम छाटते. तिचं नाव अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम, थोडक्यात एसीई. ही फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर खच्चून भरलेली असते आणि थोडी रक्तरसातही फिरते.

गंमत अशी की हीच दुसरी विळी एक उलटं कामही करते. अँजिओटेन्सिन-१ ही दहा मण्यांची माळ निरुपद्रवी असते. एसीई तिचे शेवटचे दोन मणी छाटते आणि उरलेली आठ मण्यांची माळ, अँजिओटेन्सिन-२, रक्तवाहिन्या करकचून आवळते. म्हणजे एकाच विळीनं सैल करणारी माळ संपवायची आणि आवळणारी माळ घडवायची. दोन्ही कामांचा परिणाम एकच, रक्तदाब चढतो. १९५६मध्ये घोड्याच्या रक्तरसात सापडलेलं एसीई आणि ब्रॅडीकायनिन तोडणारं ते दुसरं विकर एकच आहे, हे ठरायला १९७० उजाडलं.

मग ही विळीच बांधून ठेवली तर? इथे साप येतो. डहाणू-तलासरीच्या माणसाला साप नवा नाही. भातकापणीच्या दिवसांत घोणस आणि मण्यारीच्या भीतीनं बॅटरी घेऊन फिरणारे आपण. डहाणूतल्या आयसीएमआरच्या ग्रामीण संशोधन केंद्रानं तालुक्यातल्या सर्पदंशावर कामही केलेलं आहे. पण हा साप ब्राझीलचा, जराराका. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. १९४८-४९च्या सुमारास साओ पाउलोमध्ये रोशा इ सिल्व्हा आणि सहकाऱ्यांना याच सापाच्या विषावर काम करताना ब्रॅडीकायनिन सापडलं. १९६५मध्ये सर्जिओ फरेरा यांनी त्याच विषातून ब्रॅडीकायनिनचा जोर वाढवणारे घटक वेगळे काढले. ते घटक एसीईची विळी अडवत होते. त्या धाग्यावरून अमेरिकेत कॅप्टोप्रिल ही गोळी घडली आणि १९८१मध्ये तिला तिथे परवानगी मिळाली. आजच्या सगळ्या ‘प्रिल’ तिच्या धाकट्या बहिणी. (कुणी यावरून सापाचं विष किंवा सापाच्या नावाचं कसलं चूर्ण प्रेशरवर विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.)

आता तुमच्या घरातली पट्टी काढा. दुकानाचं, कंपनीचं नाव सोडा. त्या खाली किंवा वर मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं. त्या इंग्रजी नावाची शेवटची चार अक्षरं पी, आर, आय, एल अशी आहेत का, ते पाहा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्यातली नेहमीची नावं. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगा. चार अक्षरं तिसरीतलं पोरही शोधून देतं. एका गोळीत दोन औषधं एकत्र असली तर दोन्ही नावं वाचायची. पट्टी कापताना नावाचा भाग आधी कापून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडा. नावाकडच्या गोळ्या शेवटी खा.

‘प्रिल’ सापडलं आणि घरात कोरडा खोकला असेल, तर त्या दोघांचा संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. विळी बांधली की ब्रॅडीकायनिन श्वासनलिकेत साचतं, म्हणून हा ठसका. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या पाचपासून विसापर्यंत माणसांना तो झालेला आढळतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, तसा सहा महिन्यांनीही येतो, त्यामुळे “इतके दिवस तर काही झालं नाही” या बोलण्याला अर्थ नाही. खोकल्याच्या बाटलीनं तो जात नाही. गोळी बदलली की बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिने लागतात. पाचव्या दिवशी “अजून आहेच” म्हणून निराश होऊ नका.

मात्र दोन गोष्टींत घाई नको. पहिली: स्वतःहून गोळी बंद करू नका. ‘प्रिल’ ही मधुमेहात लघवीतून प्रथिनं जाऊ लागलेल्या मूत्रपिंडाची आणि थकलेल्या हृदयाची राखण करते. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ नावाच्या चाचणीत ९ हजारांहून जास्त रुग्णांवर रामिप्रिल तपासली गेली आणि हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयविकारानं येणारे मृत्यू यांत स्पष्ट घट दिसली. खोकला येतो म्हणून गोळी फेकून दिली आणि दुसरी घेतली नाही, तर महिन्याभरात प्रेशर पुन्हा जागेवर. डॉक्टरांना सांगितलं की ते बहुधा ‘सार्टान’ शेपटीची गोळी देतात: टेल्मिसार्टान, लोसार्टान. ती विळीला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवते. त्यामुळे ब्रॅडीकायनिन साचत नाही. अम्लोडिपिन हाही पर्याय असतो. तिनं पाय सुजतात, पण पुढे सांगणार आहे त्या ‘प्रिल’च्या सुजेपेक्षा ती सूज वेगळी.

दुसरी: प्रत्येक खोकल्याचा दोष गोळीला देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायचीच, गोळी कुठलीही असो. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तलासरीच्या पाड्यांत आणि डहाणूच्या किनाऱ्यावर क्षयरोग आहे, आणि “प्रेशरच्या गोळीचा खोकला असेल” म्हणून क्षय चार महिने लपून बसला तर तो घरभर पसरतो. आत्याची थुंकी आधी तपासली गेली, हे त्या सगळ्या गोंधळातलं एकमेव शहाणं काम होतं.

याच्याशी जोडूनच एक सांगतो. छातीच्या काही आजारांत, विशेषतः सार्कोइडोसिसचा संशय असला की, डॉक्टर रक्तातल्या एसीईचं प्रमाण तपासायला सांगतात. तपासणी महाग असते. तुम्ही ‘प्रिल’ घेत असाल आणि ते सांगितलं नाही, तर आकडा खोटा कमी येतो आणि पैसे पाण्यात. शिवाय ही क्षयाची तपासणी नाही. क्षयातही हे प्रमाण कधी वाढलेलं दिसतं, म्हणून त्या एका आकड्यावरून क्षय आहे किंवा नाही असं कुणी ठरवत असेल तर थुंकीच्या तपासणीचा आग्रह धरा.

खोकला त्रास देतो, जीव घेत नाही. सूज घेऊ शकते. हजारात एक ते सात जणांना ‘प्रिल’मुळे ओठ, जीभ, पापण्या, गाल किंवा घसा सुजतो. पहिल्या आठवड्यात होतं, तसं चार-पाच वर्षं बिनतक्रार गोळी घेतल्यावरही एखाद्या सकाळी होतं. आणि आपल्या किनाऱ्यावर याची मोठी फसगत होते, कारण ओठ सुजले की पहिला संशय ताटातल्या मासळीवर जातो. काल कोळंबी खाल्ली होती का? बांगडा शिळा होता का? मासळीची अॅलर्जी खरीच असते, शिळ्या बांगड्यानं अंगावर लाली येते हेही खरंच. फरक पुष्कळदा असा दिसतो: मासळीच्या अॅलर्जीत अंगाला खाज सुटते, पित्ताच्या गांधी उठतात, खाल्ल्यावर थोड्याच वेळात सुरू होतं. ब्रॅडीकायनिनच्या सुजेला खाज नसते, गांधी नसतात, आणि ती काही तासांत हळूहळू चढते. एव्हिलचं इंजेक्शन किंवा सेट्रिझिनची गोळी तिच्यावर फारशी चालत नाही, कारण त्या औषधांचा वैरी हिस्टामिन आहे आणि इथे भांडण ब्रॅडीकायनिनचं.

पण हा फरक घरी बसून ओळखत बसायचा नाही. जीभ जड वाटली, आवाज बदलला, गिळताना लाळ अडकली, श्वासाला शिटी लागली, तर १०८ला फोन करा आणि निघा. सोबत गोळीची पट्टी घ्या. इंजेक्शननं बरं वाटलं तरी लगेच घरी येऊ नका. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: “मी प्रेशरची प्रिल गोळी घेतो.” उपचार करणाऱ्याची दहा मिनिटं तरी त्यानं वाचतात. कधी ही सूज तोंडावर न येता आतड्याला येते. तेव्हा पोटात कळा, उलट्या, आणि तपासणीत काही सापडत नाही. असं वारंवार होत असेल तर तेव्हाही हेच वाक्य. अशी सूज एकदा आली की आयुष्यात पुन्हा कुठलीही ‘प्रिल’ घ्यायची नाही. नुसतं रामिप्रिल सोडून एनालाप्रिल घेणं म्हणजे विळी तीच, मूठ दुसरी. आणि गोळी बंद केल्यावरही पुढचे काही आठवडे सूज पुन्हा येऊ शकते, म्हणून त्या काळात दवाखान्यापासून फार लांब जाऊ नका.

हे लांब जाणं खलाशी आणि तांडेलांनी विशेष मनावर घ्यावं. गावातून दवाखान्यापर्यंत गाडीनं पोचता येतं. भर समुद्रात बोट वळवून किनाऱ्याला आणेपर्यंत किती वेळ जातो ते तुम्हीच मला सांगाल. डॉक्टरांनी नवी ‘प्रिल’ लिहून दिली असेल तर पहिले काही दिवस घरी काढा आणि मग बोटीवर जा. दुसरं कारणही आहे. पहिल्या एक-दोन गोळ्यांनी काहींना उठताना गरगरतं, सोबत लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. घरात गरगरलं तर माणूस खाटेवर बसतो. जाळं ओढताना गरगरलं तर कुठे जाईल ते सांगायला नको. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर असतात, जाळी विणायला बसतात, तेव्हा प्रेशर मोजून घ्यायला आणि गोळ्या बसवून घ्यायला यापेक्षा चांगला काळ नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं प्रेशर आणि साखर सरकारी आरोग्य उपकेंद्रात फुकट मोजतात. आशाताईंना विचारा.

बोटीवरचीच आणखी एक सवय: कंबर धरली, खांदा भरला की दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या ‘प्रिल’सोबत वारंवार घेतल्या की मूत्रपिंडाला मार बसतो. त्यात लघवीची गोळी मिसळली तर तिघींचा मिळून फार वाईट घाव. कधीमधी पॅरासिटामॉल चालेल. रोज कंबर दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. जुलाब-उलट्यांनी अंग सुकलं असेल, पाणी पोटात ठरत नसेल, तेव्हा ‘प्रिल’ चालू ठेवायची की एक-दोन दिवस थांबवायची हे लगेच फोन करून विचारायचं. असे दिवस उजाडण्याआधीच डॉक्टरांकडून त्याचं उत्तर घेऊन ठेवलेलं उत्तम. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. ही तपासणी आपल्याकडे हमखास राहून जाते. क्रिएटिनिन थोडं वाढतंच, त्यानं घाबरायचं नाही. किती वाढलं ते डॉक्टर पाहतील.

पोटॅशियमवरून शहाळ्याचा प्रश्न नेहमी येतो. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर एखादं शहाळं, दोन चिकू यांनी काही बिघडत नाही. घोलवडच्या चिकूवर मी तरी बंदी घालणार नाही. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर मात्र रोजचं नारळपाणी विचारूनच. खरा धोका वेगळ्याच पाकिटात आहे: प्रेशरवाल्यांसाठी म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ‘प्रिल’ पोटॅशियम शरीरात राखून ठेवते, वरून हे मीठ, आणि मूत्रपिंड थकलेलं, तर हृदयाचे ठोके चुकू शकतात. घरचा मुलगा प्रेमानं महागाचं मीठ घेऊन येतो आणि त्याच्या पाकिटामागचं कुणी वाचत नाही.

साध्या मिठाचं काय? दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही भात-कालवण-लोणचं-पापड सगळं धरून. मीठ जास्त असलं की ‘प्रिल’चा जोरही कमी पडतो. सुक्या मासळीला मात्र सरसकट बदनाम करू नका. वलांडीवरचा बोंबील बहुधा बिनमिठाचा वाळतो, जवळाही उन्हातच. खारवलेली मुशी, घोळ, सुरमई यांची गोष्ट निराळी; ती भिजवून, दोन पाणी काढून, महिन्यातून कधीतरी. जपानमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशापासून पेप्टाइड काढून प्रेशरसाठी विकतात, त्यांच्यात विळी किंचित अडवायचा गुण आहे, हे वाचून आमच्या एका मित्रानं “मग सुकट खाल्ली की गोळी बंद” असा निष्कर्ष काढला होता. प्रयोगशाळेत तोडून, गाळून काढलेलं पेप्टाइड वेगळं आणि सुकटीची चटणी वेगळी. चटणी चवीसाठी खा.

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पट्टीवर दुसरी एक शेपटी शोधावी: ‘ग्लिप्टिन’. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन. आपल्या भागात स्वस्त म्हणून या भरपूर लिहिल्या जातात. या तिसरी विळी बांधतात. तिचं नाव डीपीपी-४. ती पेशींवर असते आणि रक्तरसातही. जेवणानंतर आतड्यातून सुटणारं आणि इन्सुलिन वाढवणारं जीएलपी-१ हे पेप्टाइड ती दोनेक मिनिटांत निकामी करते. ती बांधली की ते जास्त टिकतं आणि साखर उतरते. पण हीच विळी सूज आणणाऱ्या काही पेप्टाइडांनाही थोडंफार कापते. त्यामुळे ‘प्रिल’ आणि ‘ग्लिप्टिन’ एकत्र असताना ओठ-जीभ सुजण्याची शक्यता वाढते, विशेषतः विल्डाग्लिप्टिनबरोबर. याचा अर्थ ही जोडी घेऊच नये असा नाही, लाखो लोक घेतात. आधी कधी तोंड सुजलेलं असेल तर मात्र ही जोडी नको, आणि ते डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं आहे. केसपेपरवर ते आपोआप उमटत नाही.

हृदय कमजोर झालेल्यांना अलीकडे सॅक्युबिट्रिल आणि वलसार्टानची एकत्र गोळी देतात. ती नेप्रिलायसिन ही चौथी विळी बांधते. ‘प्रिल’ आणि ही गोळी यांच्यात ३६ तासांचं अंतर हवंच, कुठल्याही बाजूनं बदलली तरी. जुनी पट्टी संपवून टाकू म्हणून चार दिवस दोन्ही घेणं जिवावर बेतू शकतं. उरलेल्या जुन्या गोळ्या दुकानात परत द्या, नाहीतर घरातून काढून टाका. काटकसर इथे नको.

ज्यांना मूल हवं आहे किंवा दिवस गेल्याची शंका आहे त्यांनी ‘प्रिल’ आणि ‘सार्टान’ दोन्ही टाळायच्या असतात. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना त्या घातक आहेत. लगेच डॉक्टरांकडे जा, बदली गोळ्या मिळतात. आणि घराण्यातच कुणाचं तोंड, हात-पाय, पोट असं अधूनमधून कारणाशिवाय सुजत असेल, आईला होतं आणि मावशीलाही होतं असं असेल, तर ‘प्रिल’ सुरू करण्यापूर्वी ते सांगा.

तलासरीकडे एक वेगळाच घोटाळा पाहिला आहे. कामाला वापी-उंबरगावला जाणारा माणूस तिकडे एका डॉक्टरला दाखवतो, सुट्टीत घरी आला की इकडे दुसऱ्याला. दोघंही रामिप्रिलच देतात, पण कंपन्या वेगळ्या, पट्ट्यांचे रंग वेगळे, नावं वेगळी. माणूस लाल पट्टीतली सकाळी घेतो आणि निळ्या पट्टीतली रात्री. प्रेशर कोसळून चक्कर आली की “अशक्तपणा” म्हणून सलाइन लावलं जातं. म्हणून दवाखान्यात जाताना तोंडी सांगू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून टेबलावर ओता. आत्या आता तेच करते. जुन्या चहाच्या डब्यात तिच्या पट्ट्या असतात आणि झाकणावर नातीनं पेननं लिहिलंय: ‘प्रिल चालत नाही’.

गोळीमुळे असा काही त्रास झाला तर तो सरकारकडे नोंदवता येतो; रुग्णही नोंदवू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. त्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. फोन करताना पट्टी हातात ठेवा; औषधाचं नाव आणि बॅच क्रमांक दोन्ही विचारतात.